खंडू गेल्यानंतर बंदरावरची कुत्री

पडवीतली । २१ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे. पाककृतींच्या धाग्यांवर एखादा प्रतिसाद दिला असेल तेवढाच. आज पहिल्यांदा स्वतः धागा काढते आहे. लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

आम्ही दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या जवळच्या एका वाडीत राहतो. पुढे खळं, मागे नारळी-पोफळीचं आगर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, पडवीवरची कौलं उडाली. दुसऱ्या दिवशी पडलेल्या माडाच्या झावळ्या ओढताना खालून कुंईकुंई ऐकू आलं. ओंजळीत मावेल एवढं पिल्लू, डोळे नुकते उघडलेले. आई नाही, भावंडं नाहीत. कितीतरी दिवस वीज नव्हती. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात ड्रॉपरने दूध पाजत काढल्या. तो आमचा खंडू.

ह्या फेब्रुवारीत तो गेला. गोचीडतापाने. पहिल्या दिवशी भाकरीला शिवला नाही, मी म्हटलं उकाडा वाढलाय. दुसऱ्या दिवशी हाक मारल्यावर शेपूट हलवली पण उठला नाही. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं तेव्हा ह्यांनी धावत जाऊन रिक्षा आणली. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, खोबऱ्यासारख्या पांढऱ्या. रक्तातल्या प्लेटलेट्स जवळजवळ संपल्या होत्या. रात्री दोनच्या सुमारास गेला. माझा हात त्याच्या पोटावर होता, ते वरखाली व्हायचं थांबलं ते मला हाताला कळलं.

आगरात सुरंगीच्या खाली पुरला.

त्यानंतर जे सुरू झालं ते कुणाला सांगायची लाज वाटायची. पहाटे पाचला जाग यायची, कारण तो पाचला दार खरवडायचा. भाकऱ्या करताना त्याच्या भाकरीचं पीठ हात आपणहून घ्यायचा. तव्यावरून उतरवली की लक्षात यायचं. ती गाईला घालायची, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. शेजारणी म्हणाल्या, कुत्र्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मुलगा पुण्याहून म्हणाला, आई, दुसरं पिल्लू आणूया. मी काही न बोलता फोन ठेवला. ह्यांनी खंडूची जर्मनची परात घासून माळ्यावर ठेवली आणि त्यानंतर त्याचं नाव घरात घेतलं नाही. माझंही धाडस झालं नाही.

जून लागला. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आमच्या मासेवाल्या मावशी सुकी मासळी घेऊन येतात. तशा त्या आल्या, पडवीत टेकल्या, आणि गाईपुढे पडलेल्या भाकरीकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, अजून त्याची भाकरी होते का?" मला एकदम रडू फुटलं. चार महिन्यांत असं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "बंदरावरची कुत्री बघा येऊन एकदा. लिलाव बंद, मासळीचं डोकं नाही की शेपूट नाही. खायला काय घालणार त्यांना? तुमचा हात चालतोय तर सहा भाकऱ्या करून आणा."

दुसऱ्या दिवशी सहा भाकऱ्या घेऊन गेले.

तिथे आधीच चार-पाच जण होते. एक रिक्षावाला, कॉलेजमधली दोन मुलं, एक निवृत्त गुरुजी, बर्फाच्या कारखान्यावरचा रखवालदार. संस्था वगैरे काही नाही, पावतीपुस्तक नाही. एक मोठं पातेलं, एक औषधांचा डबा आणि एक वही. वहीत प्रत्येक कुत्र्याचा रंग, खूण, लस कधी दिली हे लिहिलेलं. एकूण एकतीस.

त्यातली एक तांबडी. होडीखाली पडून होती, जवळ कुणाला येऊ देत नव्हती. कानामागे जखम, जखमेत अळ्या. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या बसतात आणि दोन दिवसांत आत वळवळ सुरू होते. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच माहीत. गुरुजी म्हणाले, "हिला धरायला कुणीतरी निवांत माणूस हवं, ही पोरं घाई करतात." मला दुसरं काही जमत नाही, पण नुसतं बसता येतं. होडीला पाठ टेकून, तिच्याकडे न बघता, भाकरीचा एकेक तुकडा मागे ठेवत बसले. पाऊण तासाने तिने हनुवटी माझ्या मांडीवर टेकवली. अंग तापलेलं होतं.

गुरुजींनी तोंडाला सैलसर पट्टी बांधली, औषध मारलं. अळ्या श्वासासाठी वर यायला लागल्या तशा चिमट्याने एकेक काढल्या. कॉलेजमधली मुलगी मोजत होती, त्रेचाळीस. तांबडी कण्हत होती पण हलली नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि त्या सगळ्या वेळात खंडूची आठवण आली नाही. घरी येताना ते लक्षात आलं आणि पोटात तुटलं.

पुढे अठरा दिवस रोज पट्टी बदलायला गेले. आता जखम भरली, तिथे केसही आले. भाकऱ्या सहाच्या बारा झाल्या.

मला विचारायचंय ते हे. तुमच्यापैकी कुणी असं केलंय का, आपलं जनावर गेल्यावर दुसऱ्यांच्या, बिनमालकाच्या जनावरांत जाऊन बसलंय का? बरं वाटतं, खरंच बरं वाटतं. आणि बरं वाटलं की अपराधी वाटतं. मी खंडूसाठी पहिल्या दिवशीच रिक्षा बोलावली असती तर?


चाकरमानी_परळ । २१ सप्टेंबर, रात्री ११.१५

पडवीताई, लिफ्टमध्ये वाचायला घेतलं आणि घरात न जाता जिन्यात बसून पुरं केलं.

आमची लॅब्रेडोर कुत्री होती, तेरा वर्षांची होऊन गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. शेवटी झोपेचं इंजेक्शन द्यायचा निर्णय मी घेतला. बायको, मुलगी दोघीही म्हणाल्या बरोबर केलंस. पण सहीचा कागद माझ्यासमोर होता, त्यांच्या नाही. अपराधी वाटण्याला तारखेचं निमित्त लागत नाही ताई. तुम्ही उशीर केला म्हणून वाटतं, मला लवकर केलं म्हणून वाटतं.

मुंबईच्या खोलीत मला दुसरं जनावर आणायचं नाही. गाव गुहागर तालुक्यात. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. एवढ्या तुटक येण्यात काही करता येतं का? की चार दिवस लळा लावून निघून जाणं हे जास्त वाईट?


कुडाळकार । २२ सप्टेंबर, सकाळी ६.५०

ताई, वाचून रवाक नाय म्हणान लिवतंय. आमचो राजा गेलो तेका दोन वर्सां झाली. वाघान व्हेलो. आमच्याकडे बिबट्याक वाघच म्हणतत. पावसाचे दिस, लाईट गेललो. तो खळ्यात दोन येळा भुकलो आणि मगे आवाज बंद. सकाळी गडग्याकडे पट्टो तेवढो गावलो. आमचे बाबा खळ्यात खाट टाकून निजत, तेच्यानंतर कधी निजले नाय. कोणी राजाचो इषय काढलो तर उठान जात.

आता आमी वाडीतले चार जण मिळान येक काम करतंव. सांज झाली की मोकळी कुत्री आसत ती सगळी कोणाच्या ना कोणाच्या पडवीत नायतर गोठ्यात घालूची, दार लावूचा. सकाळी सोडूची. गेल्या पावसात वाडीतलो येकय कुत्रो गेलो नाय. आणि ताई, रोज रात्री बॅटरी घेवन मोजूक कोण जाता म्हायत आसा? आमचे बाबा. सतरा आसत. सतरा भरले काय मगे जेवूक बसतत.


दोन_पोरांची_आई । २२ सप्टेंबर, दुपारी १२.३०

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. राग मानू नका.

गेल्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या मुलाला शाळेतून येताना कुत्रा चावला. पोटरीचा लचका. जवळच्या सरकारी दवाखान्यात लस संपली होती, दुसरीकडे जाईपर्यंत चार तास गेले. त्या चार तासांत मी काय काय मनात आणलं ते मलाच ठाऊक. मुलगा आता ठीक आहे, पण अजून रात्री दचकतो. त्या कुत्र्यांना रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बिस्किटं घालणारी माणसं होती. मी त्यांना जाऊन सांगितलं तर मलाच चार गोष्टी ऐकवल्या.

तुमचं दुःख खरं आहे ताई, शंका नाही. पण तुमच्या बारा भाकऱ्यांनी तिथली कुत्री वाढली तर? बंदरावर पण मुलं असतात ना?


पडवीतली । २२ सप्टेंबर, दुपारी ४.०५

दोन_पोरांची_आई, राग कसला. तुमच्या बाळाचं वाचून अंगावर काटा आला. तुमचं म्हणणं मला पटतं. तुम्हाला उलट बोलणारी माणसं चुकलीच.

तुम्ही म्हणता ती भीती गुरुजींनाही पहिल्या दिवसापासून आहे. म्हणून आमच्याकडे दोन नियम. खाणं रस्त्यावर नाही, शाळेच्या वाटेवर नाही. बर्फाच्या कारखान्यामागे, ठरलेल्या वेळी, आणि उरलेलं सगळं उचलून जागा धुवायची. दुसरा नियम, ज्याला खाऊ घातलं त्याचं नाव वहीत आणि वहीत आलेल्या प्रत्येकाला रेबीजची लस. एकतीसपैकी सत्तावीस झाली आहेत. चार अजून हाताला लागत नाहीत. मुळात खायला घालायचं तेच मुख्यतः ह्यासाठी, असं गुरुजी म्हणतात. जो कुत्रा हाताला येतो त्यालाच सुई टोचता येते.

नसबंदीचं मात्र अजून सहा-सातच जणींचं झालंय. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

चाकरमानी, चार दिवसांतही काम होतं. येताना रात्री चमकणारे गळपट्टे आणलेत तरी चालेल, आम्हाला ते हवेच होते.


गुरांचा_दवाखाना । २२ सप्टेंबर, रात्री ८.२०

मी पशुवैद्यक. आयुष्य ह्याच किनारपट्टीवरच्या सरकारी दवाखान्यांत गेलं, आता निवृत्त. तीन-चार गोष्टी लिहितो.

पडवीताई, आधी तुमची रिक्षा. गोचीडतापाचे जे जंतू आहेत त्यातला एर्लिकिया हा फार कपटी. गोचीड चावल्यावर आठवडा-तीन आठवड्यांत थोडा ताप येऊन जातो, आपल्या लक्षातही येत नाही. मग कुत्रा कित्येक महिने, कधी वर्षंसुद्धा, अगदी ठणठणीत दिसतो. खातो, खेळतो, भुंकतो. आत मात्र आजार दबा धरून असतो. काही कुत्र्यांत तो पुढे अस्थिमज्जेपर्यंत जातो, रक्तपेशी तयार होणंच मंदावतं. नाकातून रक्त येऊन, हिरड्या पांढऱ्या पडून आलेला कुत्रा हा बऱ्याचदा तीन दिवसांचा आजारी नसतो. खंडूचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याचं असंच झालं असं म्हणणार नाही. पण माझ्या टेबलावर असे कितीतरी आले, आणि त्यांच्या प्रत्येक मालकाने मला तुमचाच प्रश्न विचारला. पहिल्या दिवशी आणला असता तर. मी त्यांना खोटा धीर देत नसे. वेळेवर पकडला तर डॉक्सिसायक्लिन ह्या प्रतिजैविकाने बरेच कुत्रे बरे होतात हे खरंच आहे. पण "वेळेवर" म्हणजे तो भाकरीला न शिवण्याच्या खूप आधीची वेळ असू शकते, आणि तेव्हा त्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नसतं.

बाकीच्यांसाठी: गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर नसते. ती भिंतीच्या फटीत, गोणपाटाखाली, चिऱ्यांच्या सांध्यात अंडी घालते. कुत्रा धुतला आणि पडवी तशीच ठेवली तर उपयोग नाही. आठवड्यातून एकदा ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघायची सवय लावा. निरोगी रंग गुलाबी. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात खालची पापणी ओढून आतून बघा.

अळ्यांच्या जखमेत फिनेल, रॉकेल, पेट्रोल ओतू नका. अळ्या मरतात, सोबत कातडी आणि मांसही जळतं. तुमच्या गुरुजींनी केलं ते बरोबर केलं.

आता आईंचा प्रश्न. चावल्यावर सगळ्यात पहिलं काम, वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुणं. घड्याळ लावून पंधरा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. मग लस, आणि जखम खोल किंवा रक्त आलेली असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर धुणं आणि लस झाली तर हा पूर्ण टाळता येणारा मृत्यू आहे. जे रोज भटक्या कुत्र्यांत वावरतात त्यांनी स्वतः आधीच लस घ्यावी: आज, सातव्या दिवशी, आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. असा माणूस पुढे कधी चावला गेला तर धुऊन झाल्यावर त्याला त्याच दिवशी एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी एक असे दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. पडवीताई, तुम्ही घेतली आहे का? घेतली नसेल तर उद्या जा. भाकऱ्या एक दिवस दुसरं कुणी करेल.

नसबंदीबद्दल. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, त्रेसष्ट दिवसांत विते. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रा पकडून, शस्त्रक्रिया आणि लस करून, जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. ओळख म्हणून कानाला इंग्रजी व्ही आकाराची खाच देतात. एका भागातली सात-आठ जणींची करून थांबलं तर उरलेल्या पुन्हा जागा भरून काढतात. सगळ्या एका दमात करायच्या. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, वहीची प्रत जोडा. जनावर रस्त्यावर जखमी दिसलं तर १९६२ ला फोन लावून बघा, फिरतं पशुवैद्यकीय पथक त्यावर मिळतं.


वाळूतली_पावलं । २३ सप्टेंबर, सकाळी ९.१०

मी कासवांच्या कामात आहे. वेळास, आंजर्ले, केळशी ह्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. पहाटे पावलांचा माग काढत आम्ही पोचायच्या आधी कुत्री पोचली तर वाळूवर नुसती टरफलं.

आणि मीही कुत्र्यात वाढलेला माणूस आहे. माझी चिमी माझ्याबरोबर पहाटेच्या फेरीला यायची. पट्ट्यात बांधून, कारण नाक तिलाही होतं. ती गेल्यावर मी एक अख्खा हंगाम किनाऱ्यावर गेलो नाही. वाळूत एका माणसाची पावलं बघवत नव्हती.

माझी एकच विनंती. खाणं वाळूवर नको, किनाऱ्याच्या जवळही नको. कुत्र्याला जिथे खायला मिळतं तिथे तो मुक्काम करतो. हिवाळ्याच्या आधी जागा आत सरकवता आली तर बघा.


पडवीतली । २३ सप्टेंबर, रात्री १०.००

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. खंडूचं नाव फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा आमच्या घरात उच्चारलं गेलं. ह्यांनी ऐकून घेतलं. "परत वाच," म्हणाले. दुसऱ्यांदा वाचताना उठून मागच्या दारी गेले. बराच वेळ आले नाहीत. मी हाक मारली नाही.

लस आज घेतली, पहिली.

वाळूतली_पावलं, कारखान्यामागची जागा वाळूपासून बरीच आत आहे, पण होड्यांपाशी जी चार-पाच बसतात त्यांना मुलं तिथेच घालायची. ते आजपासून बंद. तुमच्या चिमीच्या पावलांचं वाचून गप्प झाले.


मीठमसाला । २५ सप्टेंबर, सायंकाळी ७.३०

ताई, मी मालवणचा, बावीस वर्षांचा. गेल्या महिन्यात माझं अडीच महिन्यांचं पिल्लू पार्वोने गेलं. रक्ताचे जुलाब, चार दिवस सलाइन, पाचव्या दिवशी गेलं. घरचे म्हणतात लगेच दुसरं आण म्हणजे विसरशील. मला विसरायचं नाहीये, पण रिकाम्या खोलीत बसवतही नाही. इथे एक काकू पंधरा-वीस पिल्लं सांभाळतात, त्यांच्याकडे जाऊ का मदतीला?


गुरांचा_दवाखाना । २५ सप्टेंबर, रात्री ९.०५

बाळा, जा, पण पिल्लांत आत्ता नको. पार्वोचा विषाणू फरशीवर, मातीत, चपलेच्या तळव्यावर कित्येक महिने टिकतो. तुझ्या कपड्यांवरून तो त्या पंधरा पिल्लांपर्यंत जाईल. घर ब्लीचच्या पाण्याने धुऊन काढ, त्या पिल्लाचं अंथरूण-भांडं जाळून किंवा टाकून दे, आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू इतक्यात घरात आणू नकोस. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत लस चालू ठेवावी लागते. एका टोचणीने काम होत नाही.

तोवर काकूंना विचार, लस झालेली मोठी कुत्री आहेत का. म्हाताऱ्या कुत्र्यांकडे कुणी जात नाही. त्यांच्याकडे जा. धुतलेले कपडे आणि वेगळ्या चपला घालून जा.


दोन_पोरांची_आई । २ ऑक्टोबर, सकाळी ११.००

सहज सांगावंसं वाटलं. आमच्या इथल्या त्या बिस्किटवाल्या मंडळींना डॉक्टरांचा प्रतिसाद पाठवला आणि तुमच्या वहीबद्दल सांगितलं. ह्या वेळी ऐकून घेतलं त्यांनी. शाळेच्या वाटेवरचं खाणं थांबवलं, आणि वही मी ठेवावी असं म्हणाले. ठेवते आहे. लांबूनच, पण ठेवते आहे. अकरा आहेत. ज्याने चावा घेतला तो आता दिसत नाही.


पडवीतली । १९ ऑक्टोबर, रात्री ९.५०

बऱ्याच दिवसांनी आले.

ग्रामपंचायतीने अर्ज घेतला. गेल्या आठवड्यात गाडी आली आणि चौदा माद्या नेल्या. तांबडीही त्यात होती. पिंजऱ्यात तिला मलाच घालावी लागली, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाही. भाकरी दाखवली, ती आत गेली, मागे दार पडलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. पाच दिवस मला जेवण गेलं नाही. खंडूला शेवटचं टेबलावर ठेवलं तेव्हा त्यानेही असंच पाहिलं होतं.

सहाव्या दिवशी गाडी परत आली. कानाला खाच, पोटावर केस काढलेला चौकोन. मला वाटलं आता ही माझ्याजवळ येणार नाही. गाडीतून उतरून ती आधी होडीखाली गेली. मी नेहमीच्या जागी बसले, पाठ करून. त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी येऊन मांडीवर हनुवटी टेकली. मी तिला सांगितलं, आता परत नाही हं.

आणि आज. संध्याकाळी मी कण्यांचा भात आणि बांगड्याची डोकी कुकरला लावली होती. मीठ नाही, कांदा नाही. निघायच्या वेळी हे माळ्यावर चढले. खाली आले ते खंडूची परात घेऊन. काही बोलले नाहीत, पायात चपला सरकवल्या आणि माझ्याबरोबर चालायला लागले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

बंदरावर त्यांनी स्वतः परातीत भात कालवला. खंडूला कालवायचे तसाच, काटे बोटांनी चाचपून काढत. तांबडी आधी लांब उभी राहिली. मग आली, आणि परात चाटून पुसून लख्ख केली. हे तिच्या पाठीकडे बघत उकिडवे बसून राहिले.

निघताना कॉलेजच्या मुलीने विचारलं, "काका, परात इथेच ठेवू का? रोज उपयोगी पडेल."

"नको," हे म्हणाले. "ती घरची आहे. मी रोज घेऊन येईन."

घरी येऊन राखेने घासली. आता पडवीत पालथी घातली आहे, पूर्वी असायची तिथेच.


कुडाळकार । १९ ऑक्टोबर, रात्री १०.२५

ताई, बाबांक वाचून दाखयलंय. ते म्हणतत, उद्यापासून तुमची एकतीस पण सांगीत जावा. आमची सतरा आसत.